जर-तरचा हंगाम

आमच्या शिवाजी पेठेत फुटबॉलचा हंगाम सुरू झाल्याचं कॅलेंडरात बघावं लागत नाही. गल्लीवर आडव्या दोऱ्या लागतात, दोऱ्यांना संघाच्या रंगाच्या पताका लागतात आणि संघ ज्या तालमीचा तिच्या दारातल्या फळ्यावर खडूनं उद्याच्या सामन्याची वेळ येते. मग दुपारी तीननंतर पेठ रिकामी. दुकानदार शटर अर्धं ओढून निघून जातो आणि गिऱ्हाईकही "मॅच हाय व्हय" म्हणत समजुतीनं परत फिरतं. यंदा परवाच पताका लागल्या. मी ड्यूटीवरून येत होते. मान वर केली आणि लगेच खाली घातली. दोन वर्षं झाली, तरी पताकांकडं बघवत नाही.

मी नर्स आहे, इथल्याच एका खासगी दवाखान्यात. स्वभाव पहिल्यापासून घोर लावून घेणारा. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येते. सलाईनचे थेंब एकदा मोजून समाधान होत नाही, पुन्हा मोजते. बरोबरच्या पोरी मला 'डबल चेक' म्हणतात. वॉर्डात या गुणाचं कौतुक होतं, घरात त्यालाच खोड म्हणतात. अशा माझ्या डोळ्यांसमोरून एक गोष्ट सरळ निघून गेली, आणि ती निघून गेल्याचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मी परदेशी नोकरीसाठी नर्सेसना द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा देणार होते. आणि त्याच हंगामात आमचा संघ बऱ्याच वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला होता. आबा, माझे वडील, उद्यमनगरात लेथवर काम करून निवृत्त झालेले. तरुणपणी संघाचे गोलकीपर. त्यांच्या हाताची तीन बोटं अजून वाकडी आहेत आणि ती ते पाहुण्यांना मेडल दाखवावं तशी दाखवायचे. सामना असला की माणूस सकाळपासून घरात नसल्यासारखाच. संध्याकाळी यायचे तेव्हा घसा पार बसलेला असायचा. ओरडून, शिव्या घालून, रेफ्रीचा उद्धार करून. दोन दिवस खुणांवर संसार चालायचा. आई मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायची, वर हळदीचं दूध. मोठ्या सामन्यानंतर पेठेतल्या निम्म्या घरांत हेच चाललेलं असतं.

त्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती. सहा वाजून गेले असतील, खालून हलगी ऐकू आली. आम्ही जिंकलो होतो. मिरवणूक दवाखान्यासमोरूनच चालली होती, म्हणून मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेले. खाली सगळा गुलाल. आणि त्या गुलालात, तात्यांच्या आणि अजून एकाच्या खांद्यावर, आबा. तात्या म्हणजे आबांचे जुने जोडीदार, संघाचे एकेकाळचे बॅक. आबांचा डावा हात वर होता. उजवा खाली लोंबत होता, दोरीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलसारखा. मी तो बघितला. नर्सच्या नोकरीत लकव्याच्या ज्या तीन खुणा झोपेतसुद्धा ओळखायला शिकवतात, त्यातली एक माझ्या डोळ्यांसमोरून हलगीच्या तालावर चालली होती. आणि मी काय केलं? हसून हात हलवला. मग आत चार नंबरची बेल वाजली आणि मी वळले.

साडेआठला घरी आले. आई म्हणाली, "घसा बसलाय त्यांचा. दरवर्षीचंच हाय की. दूध दिलंय हळदीचं, पर नीट पिईनात. सांडत्यात सगळं." आबा कॉटवर पडून होते, चेहरा अजून गुलालानं माखलेला. मी ट्यूबलाइट लावली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून दुधाची एक रेघ गुलालातून मानेपर्यंत गेली होती. पुढचं मला सलग आठवत नाही. रिक्षा आठवते, आणि रिक्षात आबांचा जड झालेला हात मी मांडीवर धरून ठेवला होता ते आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "शेवटचं धडधाकट कुणी बघितलं? किती वाजता?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तात्या मागोमाग आले होते, गुलालानं भरलेल्या कपड्यांनिशी. ते म्हणाले, "हाफ टाइमला भडंग खाल्लं की वो आमच्यासंगं. चांगलं बोलत हुतं. त्येच्या म्होरं कुणाचं ध्यान हुतं माणसांकडं?" हाफ टाइम म्हणजे पावणेपाच. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वीस झाले होते, म्हणजे साडेचार तास उलटले होते, आणि अजून स्कॅन व्हायचा होता. मला कुणी विचारलं नाही. मी ड्यूटीवर होते हे सगळ्यांना माहीत होतं. सहा वाजता अजून तीन तास हातात होते हे फक्त मला माहीत होतं.

आबा वाचले. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, ओठांवर मात्र शब्द यायचा नाही. दोनच शब्द उरले, 'च्या' आणि 'बग'. वाचा परत आणायचे व्यायाम घ्यायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची, चित्रांची कार्डं घेऊन. कंगवा दाखवला की आबा म्हणायचे, "बग." मग चूक झाल्याचं त्यांचं त्यांनाच कळायचं आणि डाव्या हातानं कॉटची कड बडवायचे. ती मुलगी शांतपणे पुन्हा म्हणायची, "कं-ग-वा, आजोबा." एवढ्या वर्षांत आबांना इतक्या सावकाश कुणी काही सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं.

तीन आठवडे मी इंग्रजीचा क्लास बुडवला. चौथ्या आठवड्यात आईनंच हाकलली. "घरात बसून त्यांच्या तोंडाकडं बघत बसलीस तर त्यास्नी बोलाय ईल व्हय? जा तू." मी "येतो" म्हणून निघाले. कोल्हापूरच्या पोरी आम्ही, 'येतो-जातो' असंच बोलतो. क्लासात शमशाद मॅडमना पहिले काही दिवस त्याची मौज वाटायची. इंग्रजीत तरी बाईमाणसाला वेगळं क्रियापद नाही, तेवढीच तुमची सुटका, असं त्या म्हणायच्या.

मॅडम हायस्कुलातून निवृत्त झालेल्या. मंगळवार पेठेत त्यांच्या माडीवरच्या पुढच्या खोलीत क्लास. खाली त्यांच्या मिस्टरांचं शिलाईचं दुकान, हंगामात सगळ्या संघांच्या जर्सी तिथंच शिवून जायच्या. जिन्यात कापडाचे तागे, निळे, पिवळे, भगवे, हिरवे. आम्ही सहा जणी नर्स, सहा दवाखान्यांतल्या, वर बसून काळ घोकायचो आणि खालून मशीनचा आवाज यायचा. आमच्या संघाच्या रंगाचा तागा दिसला की मी नजर फिरवून जिना चढायची.

फेब्रुवारीत जर-तर आला. मॅडम म्हणाल्या, आतापर्यंत तुम्ही जे शिकलात त्यात जर आणि तर एकाच काळात राहतात. झालं असतं तर झालं असतं, संपला विषय. आता हे मिश्र प्रकरण. यातला जर मागं राहिलेला असतो आणि तर तुमच्यासमोर आत्ता बसलेला असतो. मग फळ्यावर लिहिलं, "इफ यू हॅड कम अर्लियर, यू वुड बी वॉकिंग नाऊ." आधी आला असतात, तर आज चालत असता. वहीत उतरवताना माझ्या पेनाची शाई संपली. दुसरं पेन पिशवीत होतं, तरी मी ते बराच वेळ शोधत बसले.

"आता आपापल्या आयुष्यातलं वाक्य करा," मॅडम म्हणाल्या. एक म्हणाली, मी सायन्सला जोर केला असता तर आज डॉक्टर असते. दुसरी म्हणाली, मी पुण्याचं स्थळ पत्करलं असतं तर आत्ता ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते. खूप हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि मग म्हणाल्या, "सगळ्यांची गोडच वाक्यं कशी? एकीनं तरी वाईट घ्या." सगळ्या आपापल्या वहीत बघू लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "मॅडम, अभद्र बोलू ने म्हणत्यात की. वास्तू तथास्तु म्हणती." मॅडमनी मान डोलावली. "आमच्यातही तसंच आहे. फरिश्ते आमीन म्हणतात. माझी आई मला असलं वाक्य पुरं करू द्यायची नाही. पण पोरींनो, परीक्षेत तुमच्यासमोर जे नातेवाईक बसणार, ते अभद्रच घेऊन येणार आहेत. त्यांना काय सांगाल?"

परीक्षेत बोलण्याचा भाग असा असतो. हातात एक कार्ड देतात, समोरची बाई पेशंटची नातेवाईक होते आणि आपण नर्स. नर्स तर आपण असतोच, पण तिथं इंग्रजीत असावं लागतं. मॅडमनी माझ्यापुढं खुर्ची ओढली. त्या आता एका म्हाताऱ्या पेशंटची मुलगी होत्या. त्यांनी पदर सारखा केला, आवाज बारीक केला आणि विचारलं, "सिस्टर, इफ आय हॅड नोटिस्ड अर्लियर, वुड ही बी टॉकिंग नाऊ?" माझ्या लक्षात आधी आलं असतं, तर ते आज बोलत असते का?

मी वहीची पानं मागंपुढं करू लागले. खालचं मशीन थांबून पुन्हा सुरू झालं. मॅडमना वाटलं, मी रचना विसरले. त्या उठल्या आणि फळ्यावर पुन्हा सगळं मांडून दिलं, आधी हॅड, मग वुड, खडूनं बाण काढून. मीही मान हलवत ते सगळं पुन्हा उतरवून घेतलं. त्या वहीत तो बाण दोनदा आहे.

"खोटं बोलायचं नाही आणि दोषही द्यायचा नाही," मॅडम सांगत होत्या. "ईव्हन इफ म्हणा. आधी लक्षात आलं असतं तरीसुद्धा कदाचित आज असंच असतं. कुणाला माहीत?" वॉर्डात आम्हाला हेच शिकवलेलं असतं. नातेवाइकाला कधीही म्हणायचं नाही, उशीर केलात. आपल्याकडं ते सर्रास म्हटलं जातं, कधी आमच्याच तोंडून, ते सोडा. मी नऊ वर्षांत कित्येकांना 'तुम्ही मनाला लावून घेऊ नका' म्हटलं असेल. माझा आवाज त्यासाठी चांगला आहे म्हणतात.

मग घरात दोन विद्यार्थी झाले. एका कोपऱ्यात आबा कार्डं घेऊन, दुसऱ्या कोपऱ्यात मी माझी कार्डं घेऊन. संध्याकाळी मी पुटपुटत बसायची. एकदा आई दिवा लावत होती, तिनं विचारलं, "काय म्हंतीस गं ते सारखं सारखं?" मी बेसावध होते, मराठीत सांगून टाकलं, "आधी आणलं असतं तर आज बोलत असते." आईनं हातातली काडी फुंकली. "तिन्हीसांजंचं असलं बोलू नगंस. तथास्तु म्हणत्या वास्तू." झालेल्या गोष्टीला वास्तू आणखी काय तथास्तु म्हणणार होती? पण मी वाद घातला नाही. आईच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती माझ्या भीतीपेक्षा लहान नव्हती. दूध तिनं पाजलं होतं.

आमच्या घरातून तो दिवसच काढून टाकला गेला होता. जिंकल्याची बातमी आलेलं वर्तमानपत्राचं पान माळ्यावर गेलं, आबांची जर्सी ट्रंकेत गेली. सामन्याची गोष्ट कुणी काढली की आई चहा टाकायला उठायची. तात्या दोन-तीनदा येऊन बसले, मग यायचे बंद झाले. रस्त्यात मी समोर दिसले तर पानाच्या टपरीत शिरायचे. आणि ते पान खात नाहीत.

एप्रिलमध्ये पुण्याला जाऊन परीक्षा दिली. छोटी खोली, टेबलावर रेकॉर्डर, समोर एक चष्मेवाली बाई. कार्ड उलटलं, तर आई घरात पडून कंबर मोडलेल्या एका मुलीचं. दोन मिनिटांत त्या बाईनं तो प्रश्न विचारलाच. मी घरी असते तर ती आज चालत असती का? तोंडातून इंग्रजी आलं, न अडखळता, सगळे हॅड आणि वुड जागच्या जागी. तुम्ही घरी असतात तरीसुद्धा कदाचित आज असंच असतं, असं मी त्या बाईला समजावलं. तिनं कार्डावरची खोटी मुलगी बाजूला ठेवून माझ्याकडं क्षणभर खरंच पाहिलं. मला ते इतकं सोपं कसं गेलं? वॉर्डात हातमोजे घातले की कुठलीही जखम धुता येते, तसं ते झालं. माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं.

पास झाले, बोलण्यात सगळ्यात जास्त गुण. आईनं गल्लीत पेढे वाटले. आबांनी पेढा डाव्या हातात धरून "बग, बग" केलं. मला मात्र स्वतःची घृणा आली. जे वाक्य मी एका अनोळखी बाईपुढं गुण मिळवायला बोलले, ते ज्याचं होतं त्याच्यासमोर बोलायची माझी छाती नव्हती. आणि त्याच्यासमोर ते मराठीतच बोलावं लागणार होतं. मराठीत 'असतं' म्हटलं की ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

पुढं कागदपत्रं, पुन्हा मुलाखती, आणि माझी चालढकल, यात दोन वर्षं गेली. आता व्हिसा आलाय. पुढच्या महिन्यात निघायचंय. मलकापूरची मावशी इथं राहायला येणार, आबांचं करायला आईला मदत म्हणून. आबांच्या तोंडी आता बरेच शब्द आहेत. दोन शब्द जोडतातही, पण मधे इतका वेळ जातो की ऐकणाऱ्याचाच धीर सुटतो. मी बॅग भरायला घेते आणि पुन्हा उपसते. पासपोर्ट दिवसातून चारदा बघते. मला खरी धास्ती विमानाची नाही, परक्या मुलखाचीही नाही. हे न सांगता मी गेले आणि माझ्यामागं आबांना काही झालं, तर? हा जर-तर मॅडमच्या कुठल्याच कोष्टकात बसत नाही.

काल शनिवार. हंगामातला पहिला मोठा सामना. आई भाजीला गेली होती. मी आबांच्या उजव्या हाताची नखं काढत होते, त्या हाताची नखं मीच काढते. स्टेडियमवरून आरोळी आली. आबांनी मान तिकडं वळवली आणि तशीच ठेवली. ती वळलेली मान बघून मला राहवलं नाही.

"आबा, त्या दिवशी मिरवणुकीत मी तुम्हास्नी बघितलं हुतं. खिडकीतनं. तुमचा हात लोंबत हुता. मला दिसला हुता." माझा आवाज भलतीकडंच चालला होता. "मी तवाच खाली आलो असतो, तर आज तुम्ही बोलत असता. ह्यो हात हालत असता."

आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ जुळायचे, सुटायचे. मी नेलकटर मुठीत आवळून धरला होता. ते काहीही म्हणाले असते तरी मी ऐकून घ्यायला तयार होते, इतकी तयारी मी परीक्षेचीही केली नव्हती.

"जि..." आबा म्हणाले. "जिक..."

"काय, आबा?"

त्यांनी कॉटची कड बडवली. मग श्वास घेऊन, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "आपून... जिकलो?"

मला कळायलाच वेळ लागला. त्यांना ती मिरवणूक आठवत नव्हती. खांदे नाही, गुलाल नाही, खिडकीतली मी तर नाहीच. आणि दोन वर्षांत आम्ही कुणी त्यांच्यासमोर त्या सामन्याचं नाव काढलं नव्हतं. अभद्र नको म्हणून. त्यांना विचारता येत नव्हतं आणि आम्ही सांगत नव्हतो.

"जिकलो, आबा," मी म्हणाले. "दोन-एक. कप आला आपल्याकडं."

त्यांचा निम्मा चेहरा हसला आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. मग लगेच पुढचा प्रश्न. "गोल... कोन?"

मला माहीत नव्हतं. मी सामना पाहिलाच नव्हता. मी तात्यांना फोन लावला. दोन वर्षांनी. म्हटलं, "तात्या, आबा विचारत्यात, फायनलला गोल कुणी मारलं?" पलीकडून फक्त, "आलो."

दहा मिनिटांत ते दारात होते. चपला काढून हातात धरलेल्या, आणि आत पाऊल टाकायला तयार नाहीत. "आबा," ते म्हणाले, "आमी येड्यावानी खांद्यावर घेतलं नसतं, तर आज तुमी..."

आबांनी डाव्या हातानं कॉट दणदणा बडवली. "ऱ्हाऊ दे!" दोन शब्द, मधे जराही न थांबता. "गोल!"

तात्या आत आले. कॉटच्या कडेला बसले, आबांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि घसा खाकरून म्हणाले, "तर हाफ टाइमला आपण एक गोलनं मागं हुतो." आबांनी मान हलवली. तिथपर्यंतचं त्यांना आठवत होतं.